मतपत्रिकेची मागची बाजू

मार्व्हच्या कॅफेत गल्ल्याच्या मागच्या भिंतीवर एक कात्रण लावलेलं होतं. प्लास्टिकमध्ये बंद केलेलं, कडेने पिवळं पडलेलं. त्यात लिहिलं होतं: "मतपत्रिकेला मागची बाजू कशासाठी असते, असं वाचक विचारतात. पुढच्या बाजूची शाई वाळेपर्यंत बोटं टेकायला काहीतरी हवं, म्हणून असते. तिथे काही न्यायाधीशांची नावंही छापलेली असतात. कागद ओका दिसू नये एवढाच त्यामागे हेतू आहे."

हे लिहिलं मी. नॉर्डेनच्या साप्ताहिकात एकतीस वर्षं मी विनोदी सदर चालवलं, म्हणजे सोळाशेच्या आसपास लेख. त्यातलं गावाला आठवतं ते एवढंच. दर निवडणुकीला साप्ताहिक ते पुन्हा छापायचं, लोक पुन्हा हसायचे, आणि मतदान करून येताना मला रस्त्यात गाठून म्हणायचे, "एल्डन, शाई वाळवून आलो बरं का." मी टोपीला हात लावायचो. हसणाऱ्या माणसाला अडवू नये, हा आमच्या धंद्यातला पहिला नियम. दुसरा नियम कोणी केलाच नाही.

गेल्या ऑगस्टमध्ये विला त्यादेनने मला चहाला बोलावलं. विला माझ्या वर्गातली. चाळीस वर्षं तिने बसस्टॉपपासून चर्चपर्यंत सगळ्या गावाच्या पोरांना पियानो शिकवला, आणि एकाही पोराला ती "छान" म्हणाल्याचं ऐकिवात नाही. आमचे पणजोबा जर्मनीच्या उत्तर किनाऱ्यावरून अमेरिकेत, आयोवात आले तेव्हा त्यांनी शेतीची अवजारं तिकडेच टाकली, पण चहाची रीत बरोबर आणली. कपात खडीसाखर, वरून चहा, कडेने साय. ढवळायचं नाही. यजमान ओतत राहतो, निदान तीन कप. पुरे झालं की पाहुण्याने आपला चमचा आपल्या कपात ठेवायचा. तोंडाने "नको" म्हणणं आमच्यात उद्धटपणाचं समजतात.

दुसरा कप ओतताना विला म्हणाली, "तुझं ते कॅफेतलं कात्रण खाली काढ."

मी विचारलं, का.

मग तिने सांगितलं. त्यातलं बरंचसं गावाला माहीत होतं, मलाही माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं आणि समोर बसून ऐकणं वेगळं.

विलाची मुलगी जोलीन शाळेच्या स्वयंपाकघरात काम करते. तिचा घटस्फोटित नवरा कर्ट ब्रिंकमा. आदल्या वर्षी सप्टेंबरात त्याने तिच्या घराचं मागचं दार फोडलं. त्याला आत टाकलं आणि तिच्या जवळ फिरकायचं नाही असा हुकूम निघाला. ऑक्टोबरात त्याच्या वकिलाने अर्ज केला की अशिलाचा नऊशे एकर मका शेतात उभा आहे. अर्ज गेला लोरेन हावरकांपसाहेबांसमोर. असल्या खटल्यांना आमच्या काउंटीत न्यायाधीश एकच. भला माणूस. चर्चमध्ये खालच्या सुरात गातो, उन्हाळ्यात शेजाऱ्यांच्या ओट्यावर टोमॅटोच्या पिशव्या ठेवून जातो. त्यांनी कर्टला कापणी संपेपर्यंत सोडला. दिवसा शेतात राहायचं, रात्री बापाच्या घरी. वर हसत म्हणाले, "कापणीच्या कंबाइनवर चढलेला माणूस मका संपेपर्यंत बायकोकडेसुद्धा जात नाही, हे मी माझ्या वडिलांवरून सांगतो." कोर्टात सगळे हसले. कारकूनही हसला. जोलीन पहिल्या बाकावर बसली होती.

तिसऱ्या दिवशी पाऊस लागला.

ओल्या मक्यात कंबाइन घालत नाहीत. कर्टला दिवसभर काम नव्हतं. दुपारी तो जोलीनकडे गेला. जबडा दोन ठिकाणी मोडला. सहा आठवडे तारेने बांधलेला होता, आणि शाळेतल्या चारशे पोरांना वाढणारी बाई घरी नळीने सूप पीत होती.

"शेतकऱ्याच्या घरात जन्मलेला माणूस आहे तो," विला म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. पियानोवर चुकलेल्या पोराशी बोलावं तसा होता. "पाऊस आला की कापणी थांबते, हे त्याला मी सांगायचं का?"

आता पुढचं. या मारहाणीसाठी तुरुंगात गेलेला कर्ट डिसेंबरात सुटणार होता. जोलीनच्या जवळ न येण्याचा हुकूम वाढवायचा की नाही, याची सुनावणी जानेवारीत. त्याच खोलीत, त्याच साहेबांसमोर. जोलीनने आईला सांगून टाकलं होतं की तो माणूस खुर्चीवर राहिला तर मी इथे राहणार नाही. मिनेसोटात, ड्युलुथला, मावसबहीण आहे, तिच्याकडे जाईन. विलाला दुसरं मूल नाही.

आणि नोव्हेंबरात साहेबांचं नाव मतपत्रिकेवर येणार होतं. आमच्याकडे न्यायाधीशाविरुद्ध कोणी उभं राहत नाही. फक्त प्रश्न छापतात: यांना पदावर ठेवावं का? होय, नाही. दोन गोल. नाहीचे गोल जास्त भरले की माणूस घरी. आजवर कोणी गेलेला नाही, कारण तो प्रश्न मागच्या बाजूला असतो.

"लोकांना राग आहे," विला म्हणाली. "राग कमी नाहीच. त्यांनी फक्त पान उलटायला हवं. आणि तू त्यांना तीस वर्षं सांगतोयस की उलटू नका."

मी म्हणालो, काढतो. तिने तिसरा कप ओतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कॅफेत गेलो तो काढायच्याच इराद्याने. गल्ल्याशी एक परगावचं जोडपं बिल देत उभं होतं. बाईने कात्रण वाचलं आणि ती इतकी हसली की नवऱ्याने चष्मा लावून वाचलं. मार्व्हने माझ्याकडे बोट दाखवून सांगितलं, हेच ते. बाईने माझा हात हातात घेतला. त्या दिवशी कात्रण काढणं बरं दिसलं नसतं. नंतरच्या आठवड्यातही दिसलं नसतं.

विला मात्र निघाली. मोटारीत पुठ्ठ्याचा एक तक्ता, त्यावर मतपत्रिकेची मागची बाजू मोठी करून काढलेली. घरोघर जायची, बेल वाजवायची, तक्ता दाखवायची. सप्टेंबरभर आणि ऑक्टोबरभर. गावातला अर्धा माणूस तिच्या हाताखालून सरगम वाजवून गेलेला, त्यामुळे दार उघडून पन्नाशीचे बाप्ये आपोआप ताठ उभे राहायचे.

ती सांगायची की लोक ऐकून घेतात, चिडतात, जोलीनसाठी डोळ्यांत पाणी आणतात, आणि मग पाचव्या मिनिटाला राष्ट्राध्यक्षावर घसरतात. मग सिनेटवर. मग सीमेवर, मग पेट्रोलवर, मग कोणत्यातरी दूरच्या राज्यातल्या कोणत्यातरी शाळेत काय शिकवतात त्यावर. एका दारात तर नवरा एका पक्षाचा, बायको दुसऱ्या. दोघं विलाच्या समोर एकमेकांवर इतके तापले की ती तक्ता धरून वीस मिनिटं उभी राहिली आणि शेवटी त्यांना सोडवून आली. पण निघताना प्रत्येकाने हात हातात घेऊन सांगितलं की विलाबाई, पान उलटणार. ती वहीत नाव टिपायची. निवडणुकीच्या आदल्या दिवशी एकट्या नॉर्डेनमधली चारशे बारा नावं झाली होती.

मतदानाचं केंद्र चर्चच्या तळघरात असतं. निवृत्त झाल्यापासून मी तिथे काम करतो. दोन्ही पक्षांची माणसं लागतात, आणि मी कुठल्या पक्षाचा हे गावाला कधीच कळलं नसल्यामुळे दोन्ही पक्ष मला आपला धरतात. त्या दिवशी फ्रेडा आयलर्स प्रमुख होती. ती शिस्तीची बाई. सात वाजता दार उघडायचं तर सहा एकोणसाठला कडीवर हात ठेवून उभी. तिने मला मतपत्रिका देण्याच्या टेबलाशी बसवलं. सही झालेल्या माणसाला कागद द्यायचा, पेन द्यायचं आणि एक वाक्य म्हणायचं: "मतपत्रिकेला दोन बाजू आहेत, दोन्ही पाहा." यापलीकडे काही बोलायची परवानगी नाही. कोणाचं नाव घेतलं तर गुन्हा. तशी शपथ घेतलेली असते.

पहिला आला तो विलाचा भाऊ ड्वाइट फ्रीअर्क्स. मी कागद दिला आणि गंभीरपणे म्हणालो, दोन बाजू आहेत, दोन्ही पाहा.

तो हसला. "शाई वाळवतो," म्हणाला.

त्याच्या मागचा हसला. त्याच्या मागची बाई हसली आणि तिने तिच्या मागच्याला सांगितलं की एल्डन आज फॉर्मात आहे.

मी पुढच्याला अधिक गंभीर चेहऱ्याने सांगितलं. तो अधिक हसला. एकतीस वर्षं मी या चेहऱ्यावर पोट भरलं. न हसता बोलणं हाच माझा माल होता. आता तो मालच मला विकता येईना. मी आवाज खाली आणला, लोक माझ्या अभिनयाला दाद देऊ लागले. मी बोट ठेवून कागदाच्या तळाशी छापलेलं "पान उलटा" दाखवलं. एकाने माझ्या पाठीवर थाप मारली.

आणि पडद्यामागे उभं राहून त्यांनी पुढची बाजू कशी भरली ते मी रोज पाहण्यातल्या चेहऱ्यांवरून सांगतो. दात खाऊन भरली. राष्ट्राध्यक्षाचा गोल भरताना पेनचा आवाज माझ्यापर्यंत यायचा. सिनेट, काँग्रेस, राज्याचं सभागृह असं उतरत उतरत आवाज हळू होत जायचा, आणि मग माणूस शेवटचा गोल भरून, जड काम संपवल्यासारखा श्वास सोडून, मतं मोजणाऱ्या यंत्राकडे चालू लागायचा. मागची बाजू भरायला दीड मिनिट तरी लागतं. बहुतेकांचं दीड मिनिट मला दिसलं नाही. ड्वाइटचं तर नाहीच.

दुपारी बाराच्या सुमारास फ्रेडा माझ्याजवळ आली. तिने माझ्यासाठी डुकराच्या मांसाचं सँडविच आणलं होतं, आणि ती म्हणाली की सकाळपासून या टेबलाशी फारच हशा चाललाय, हवं तर तू यंत्राशी बस, मी इथे बसते. फ्रेडाने जर "दोन्ही पाहा" म्हटलं असतं तर नॉर्डेनमधल्या कुठल्याही माणसाने आपल्या बुटांची सुद्धा दुसरी बाजू पाहिली असती. हे तेव्हाच माझ्या ध्यानात आलं. म्हणून सांगतो. नंतर सुचलेलं नाही.

मी तिला म्हणालो, नको, बरा आहे इथे.

सात वर्षं झाली होती मला निवृत्त होऊन. सात वर्षांत एवढी माणसं एका दिवसात हसली नव्हती.

आठ वाजता दार बंद झालं. यंत्रातून लांब चिठ्ठी निघाली, तिच्यावर आम्ही सह्या केल्या. सहाशे अडतीस मतपत्रिका. राष्ट्राध्यक्षासाठी मतं सहाशे चौतीस. न्यायाधीश हावरकांप: होय एकशे अठरा, नाही एकशे तेहेतीस. बाकी सगळ्यांचे गोल कोरे. विलाच्या वहीत चारशे बारा नावं होती. सकाळपर्यंत सगळ्या काउंटीचे आकडे आले. साहेब एकतीस मतांनी पदावर राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मार्व्हच्या कॅफेत उभं राहायला जागा नव्हती. अर्धे लोक जिंकले म्हणून पॅनकेक खात होते, अर्धे हरले म्हणून. विला आत आली तेव्हा एकेक टेबल गप्प होत गेलं. तिने कोट काढला नाही.

मग सुरू झालं. एकाने उठून सांगितलं की विलाबाई, वाईट झालं, मी तर उलटलं होतं. दुसऱ्यानेही उलटलं होतं. गॅरेजवाल्याने उलटलं होतं, त्याच्या बायकोने उलटलं होतं, त्यांची थोरली कॉलेजातून खास येऊन उलटून गेली होती. ड्वाइट म्हणाला, माझी भाची आहे, मी नाही उलटणार तर कोण. विलाने माझ्याकडे पाहिलं. मी शपथेला बांधलेला होतो, म्हणून मी माझ्या पॅनकेककडे पाहिलं. तिला तेवढं पुरलं.

ती गल्ल्यापाशी गेली आणि भिंतीकडे तोंड करून तिने माझं कात्रण मोठ्याने वाचलं. सावकाश, एकेक शब्द सुटा करून, पोराला ताल शिकवावा तसं. शेवटपर्यंत. कोपऱ्यातल्या एका टेबलावर, सवयीने, कोणीतरी हसलं आणि मध्येच थांबलं.

विला वळली.

"नाही एकशे तेहेतीस," ती म्हणाली. "इथे आत्ता आठ-दहा जणांनी शपथा घेतल्या, संध्याकाळपर्यंत चारशे घेतील. तेवढी मतं कुठे गेली, मला माहीत नाही. वॉशिंग्टनमधल्या ज्या माणसाला तुमचं नाव माहीत नाही, त्याच्यावर तुम्ही वर्षभर दात खाल्लेत. पोरीला ओळखता ना? तिच्या हातचं तुमची पोरं जेवतात. तिच्यासाठी मी तुमच्याकडे मनगट एकदा फिरवण्याएवढंच मागितलं होतं."

मार्व्हने कॉफीचं भांडं उचललं आणि परत ठेवलं.

ड्वाइट म्हणाला, "विला, आता लोकांनी काय करायचं?"

"काही नाही," ती म्हणाली. "तेच जमतं तुम्हाला."

ती गेली. दार आपटलं नाही, त्याला स्प्रिंग आहे. ते सावकाश बंद झालं, आणि तोपर्यंत आम्हाला ती मोटारीपर्यंत चालत जाताना दिसत राहिली.

आणि नॉर्डेनमध्ये मला आजतागायत एकही माणूस भेटलेला नाही ज्याने पान उलटलं नव्हतं.

थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या आधीच्या शनिवारी जोलीन गेली. कर्ट सुटायला तीन आठवडे होते. मी तिच्या खोक्यांना हात लावायला गेलो. शाळेतल्या दोन बायका आल्या होत्या, फ्रेडा आली होती. ड्वाइटला नेमकं त्या दिवशी कंबाइन पुसून ठेवायचं होतं. जोलीनने मला "थँक यू, मिस्टर माइंडर्स" म्हटलं. तिच्या जबड्यातून डावीकडून बारीक कट् असा आवाज येतो, बोलताना. आयुष्यभर येणार, असं डॉक्टर म्हणाले. गाडी धान्याच्या कोठारांपाशी वळली, तोवर विला रस्त्यात उभी होती. मग ती आत गेली आणि दार उघडं राहिलं. फ्रेडाने मला मानेने खुणावलं की जा.

विलाने चहा टाकला. मला बसायला सांगितलं नाही, पण कप दोन काढले. खडीसाखर घातली, चहा ओतला, कडेने साय सोडली. मी खिशातून कात्रण काढून टेबलावर ठेवलं. सकाळी मार्व्हकडे जाऊन मी ते भिंतीवरून काढलं होतं. तिथे आता भिंतीचा एक पांढरा चौकोन आहे.

विलाने ते पाहिलं. "आज काढलंस," ती म्हणाली.

मी हो म्हणालो. मग मी तिला मतदानाच्या दुपारचं सांगितलं. फ्रेडा जागा बदलायला आली होती ते. का सांगितलं, माहीत नाही. कदाचित तिने मला सोडून द्यावं म्हणून.

तिने विचारलं, "तेव्हा तुला कळलं होतं? की तू तिथे बसलास तर ते उलटणार नाहीत?"

"कळलं होतं."

"मग उठला का नाहीस?"

"हसत होते," मी म्हणालो.

कोर्टात पहिल्या बाकावर बसून जोलीनने जे हसणं पाठीमागून ऐकलं असेल, ते विलाला आत्ता ऐकू येत असावं. मला येत होतं. साहेबांनी टाकलेला विनोद चांगला होता, हेही मला त्या क्षणी कळलं. माझ्याच पठडीतला. मीसुद्धा तो तसाच टाकला असता.

तिने कात्रण जवळ ओढलं, पालथं घातलं आणि त्यावर किटली ठेवली. प्लास्टिक उष्णतेने हळूहळू आक्रसू लागलं.

माझा पहिला कप संपला. मी तो बशीत ठेवला आणि वाट पाहिली. विलाने किटलीकडे हात नेला नाही. तिने टेबलापलीकडून वाकून माझ्या बशीतला चमचा उचलला आणि माझ्या कपात ठेवला.